मोबाइलवरचे पहिले इंटरनेट : वेग एक, निकाल दोन

१९९९ साली मोबाइल फोनच्या पडद्यावर इंटरनेट आणण्याचे दोन मोठे प्रयत्न झाले. एक युरोपात, दुसरा जपानमध्ये. दोन्हीकडे फोन लहान, पडदा त्याहून लहान आणि माहिती वाहून नेण्याचा वेगही सारखाच, म्हणजे सेकंदाला ९,६०० बिट होता. दोन वर्षांनी काय चित्र दिसले? युरोपातील प्रयत्न चेष्टेचा विषय झाला होता आणि जपानमधील सेवेसाठी दोन कोटींहून अधिक ग्राहक दरमहा पैसे मोजत होते. वेग सारखा असताना निकाल इतका वेगळा का लागला? हा प्रश्न तंत्रज्ञानाच्या इतिहासापुरता महत्त्वाचा आहेच. पण एखाद्या घटनेचे कारण कसे शोधावे आणि ते शोधताना घाई का करू नये, हे शिकवायलाही तो उपयोगी पडतो.

अडचण किती मोठी होती?

वर्ल्ड वाइड वेबचा जन्म जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत झाला. टिम बर्नर्स-ली यांनी त्याचा प्रस्ताव १९८९ साली मांडला आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. त्यानंतर जी लाखो पाने लिहिली गेली, ती सारी टेबलावरचा संगणक डोळ्यांसमोर ठेवून. रुंद पडदा, पूर्ण कळफलक, हाताशी माउस आणि भिंतीतून येणारी वीज हे सारे गृहीत धरलेले होते.

आता त्या काळचा फोन पाहू. १९९९ साली आलेला नोकिया ७११० हा इंटरनेटची सोय असलेल्या पहिल्या फोनांपैकी एक. त्याच्या पडद्यावर आडवे ९६ आणि उभे ६५, म्हणजे एकूण ६,२४० ठिपके होते. ८०० गुणिले ६०० ठिपक्यांच्या संगणकाच्या पडद्यावर ४ लाख ८० हजार ठिपके असतात. म्हणजे फोनचा पडदा त्याच्या सत्त्याहत्तराव्या हिश्शाएवढा. शिवाय रंग नाहीत, ठिपका एक तर काळा नाही तर कोरा. लिहायला बारा कळा. रोमन लिपीतील एस हे अक्षर उमटवायचे तर ७ ची कळ चार वेळा दाबायची.

वेगाचे गणित वर्गात करून पाहण्यासारखे आहे. आठ बिटांचा एक बाइट. सेकंदाला ९,६०० बिट म्हणजे १,२०० बाइट. काही चित्रे असलेले ६०,००० बाइटचे साधे पान आणायला ५० सेकंद लागणार आणि आल्यावर ते पडद्यावर मावणार नाही. तेव्हा काहीतरी वेगळे करणे भागच होते.

पत्त्यांचा कॅट

जून १९९७ मध्ये एरिक्सन, मोटोरोला, नोकिया आणि कॅलिफोर्नियातील अनवायर्ड प्लॅनेट या चार कंपन्या एकत्र आल्या. बिनतारी उपकरणांसाठी माहितीच्या देवघेवीचे समान नियम ठरवणे हा त्यांचा हेतू होता. पुढच्याच वर्षी नियमांचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. त्याचे नाव वायरलेस ॲप्लिकेशन प्रोटोकॉल, लघुरूप वॅप.

वॅपमागची कल्पना हुशारीची होती. वेबची पाने एचटीएमएल या भाषेत लिहितात. वॅपसाठी डब्ल्यूएमएल नावाची नवी भाषा केली. तिच्यात पानाऐवजी पत्ता आणि पत्त्यांचा कॅट अशी मांडणी होती. एका पत्त्यावर मावेल तेवढाच मजकूर, पण एका फेरीत सगळा कॅट फोनमध्ये यायचा. मग एका पत्त्यावरून दुसऱ्यावर जाताना पुन्हा हवेतून काही मागवावे लागत नसे. शिवाय फोन आणि इंटरनेट यांच्यामध्ये गेटवे नावाचा एक संगणक बसवला. तो डब्ल्यूएमएलमधील लांबलचक आज्ञांच्या जागी एकेका बाइटच्या खुणा घालून मजकूर आटवून देई. नोकिया ७११० ला असा आटवलेला सुमारे १,४०० बाइटचा कॅट एका वेळी पेलत असे. वर काढलेल्या वेगाने तो यायला सव्वा सेकंदही लागू नये.

मग लोक वैतागले कशाने?

रिक्षा आणि पोस्टकार्ड

सुरुवातीला वॅपची माहिती युरोपातील जीएसएम जाळ्यावरून साध्या फोन-कॉलसारखीच जात असे. आधी नंबर लागायचा, पलीकडचे यंत्र उत्तर द्यायचे, मग ओळख पटायची. पहिला शब्द दिसण्यापूर्वीच दहा सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत वेळ जाई. एकदा जोडणी झाली की ती वाहिनी पूर्णपणे आपली, आणि तिचे पैसे मिनिटांवर.

दारात रिक्षा उभी आहे, मीटर चालू आहे आणि आपण घरात बसून पत्र वाचतो आहोत, तसा हा प्रकार. कॅट यायला सव्वा सेकंद लागला आणि तो वाचायला एक मिनिट, तर त्या मिनिटातील जवळजवळ एकोणसाठ सेकंद वाहिनी रिकामी राहते. रिकामी असूनही ती दुसऱ्या कोणाला मिळत नाही आणि आपले बिल वाढतच राहते.

१९९९ अखेरपासून युरोपात वॅपची मोठी जाहिरातबाजी झाली. खिशातले इंटरनेट अशी अपेक्षा लोकांच्या मनात निर्माण केली गेली. प्रत्यक्षात मिळाल्या काही ओळी, त्याही थांबून थांबून. वॅप या लघुरूपाचा ‘वेट अँड पे’, म्हणजे थांबा आणि पैसे भरा, असा नवा अर्थ लोकांनी लावला. २००० साली संगणकाच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांच्या संस्थेने लंडनमध्ये २० जणांना वॅपचे फोन आठवडाभर वापरायला दिले. वर्षभरात असा फोन वापराल का, या प्रश्नाला ७० टक्क्यांनी नकार दिला. नील्सन यांचा एक हिशेब तर मजेदार आहे. त्या संध्याकाळचे टीव्हीचे कार्यक्रम फोनवर शोधण्यापेक्षा अख्खे वर्तमानपत्र विकत घेऊन तेवढे पान ठेवणे आणि बाकीचे टाकून देणे स्वस्त पडले असते.

आता जपानकडे वळू. २२ फेब्रुवारी १९९९ रोजी एनटीटी डोकोमो या कंपनीने आय-मोड ही सेवा सुरू केली. केइचि एनोकि, मारि मात्सुनागा आणि ताकेशि नात्सुनो ही तिघे या कामातील प्रमुख मंडळी. मात्सुनागाबाई अभियंत्या नव्हत्या. नोकरीविषयक मासिकाच्या संपादनाचा अनुभव घेऊन त्या आल्या होत्या.

आय-मोडचा वेगही सेकंदाला ९,६०० बिटच होता. फरक होता तो माहिती नेण्याच्या पद्धतीत. डोकोमोच्या जाळ्यात माहिती छोट्या पाकिटांतून जाई. पाकीट निघाले तेवढ्यापुरती वाहिनी वापरायची, मग ती दुसऱ्यासाठी मोकळी. नंबर लावण्याचा खटाटोप नाही. हे रिक्षासारखे नव्हते, पोस्टकार्डासारखे होते. पत्र कितीही वेळ वाचत बसा, तिकीट एकदाच लागते. १२८ बाइटच्या पाकिटाला ०.३ येन आणि महिन्याला ३०० येन असा दर होता. मघाचा १,४०० बाइटचा मजकूर ११ पाकिटांत मावतो, म्हणजे त्याला ३.३ येन पडतात. ६०,००० बाइटच्या पानाला मात्र ४६९ पाकिटे आणि सुमारे १४१ येन. पान आटोपशीर ठेवणे वाचकाच्याही हिताचे होते आणि लिहिणाऱ्याच्याही.

दुसरा फरक भाषेचा. आय-मोडची पाने एचटीएमएलच्याच एका आटोपशीर रूपात लिहिली जात. वेबची पाने लिहिणाऱ्याला नव्याने काही शिकावे लागत नव्हते. तिसरा फरक पैशाचा. मजकूर पुरवणाऱ्यांची छोटी मासिक वर्गणी डोकोमो आपल्याच बिलातून गोळा करी आणि ९ टक्के ठेवून बाकीची त्यांना देई. त्यामुळे चांगला मजकूर लिहिण्यात लोकांना रस वाटला. छोट्या संदेशांत भावना पोहोचाव्यात म्हणून शिगेताका कुरिता यांनी १२ गुणिले १२ ठिपक्यांत बसणारी १७६ चित्रचिन्हे तयार केली. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या इमोजींच्या पूर्वजांत त्यांचे स्थान मानाचे आहे. ऑगस्ट १९९९ मध्ये आय-मोडचे ग्राहक दहा लाख झाले, ऑगस्ट २००० मध्ये एक कोटी आणि मार्च २००१ पर्यंत दोन कोटींच्या वर गेले.

निष्कर्षाची घाई नको

इथवर वाचून असे वाटेल की उत्तर सापडले : पाकिटाची पद्धत, ओळखीची भाषा आणि पैशाची नीट वाटणी. पण प्रयोगशाळेत आपण एक घटक बदलतो आणि बाकीचे स्थिर ठेवतो. इथे एकाच वेळी अनेक घटक वेगळे होते. म्हणून इतिहासाने आयते दिलेले आणखी दोन पुरावे तपासले पाहिजेत.

पहिला पुरावा जपानमधलाच. डोकोमोच्या प्रतिस्पर्ध्यांनी त्याच वर्षी ईझेडवेब ही सेवा काढली. तिची भाषा एचडीएमएल. अनवायर्ड प्लॅनेटने तयार केलेली ही भाषा म्हणजे वॅपच्या भाषेची थोरली बहीण, तिच्यातही पत्ते आणि कॅट. तरीही या सेवेला लक्षावधी ग्राहक मिळाले. म्हणजे पत्त्यांच्या भाषेमुळेच वॅप बुडाले, असे म्हणता येत नाही.

दुसरा पुरावा युरोपातला. जीपीआरएस ही पाकिटाची पद्धत तिथे २००० सालापासून सुरू झाली आणि २००२ मध्ये खुद्द आय-मोडही जर्मनीत व इतर काही देशांत आले. पण जपानमधील यश तिथे मिळाले नाही. म्हणजे पाकिटाची पद्धतही एकटी पुरेशी नव्हती. जपानमध्ये फोनची रचना, जाळे, बिल आणि मजकुराची निवड एकाच कंपनीच्या हाती होती. युरोपात या गोष्टी अनेक कंपन्यांत वाटलेल्या होत्या. शिवाय जपानी शहरांत आगगाडीचा रोजचा लांब प्रवास होता आणि पेजरवरून संदेश पाठवण्याची सवय तरुणांना आधीच लागलेली होती.

मग खात्रीने काय म्हणता येते? एवढेच, की कमी वेग हे अपयशाचे पुरेसे कारण नव्हते. तोच वेग दुसरीकडे कोट्यवधी लोकांना पुरला. वेगाभोवतीची व्यवस्था कशी आहे, मीटर कशावर फिरतो आणि लिहिणाऱ्याला काय मिळते, यावर बरेच अवलंबून होते.

देवनागरीचे वजन

पुढे दोन्ही वाटा जवळ आल्या. वॅपच्या २००२ च्या आवृत्तीने वेबच्या नेहमीच्या भाषेशी जुळणारी भाषा स्वीकारली. २००६ च्या जानेवारीत नॉर्वेच्या ऑपेरा कंपनीने ऑपेरा मिनी हे साधन जगभर खुले केले. त्यात वॅपच्या गेटवेची कल्पना परत आली, पण सुधारून. मधला संगणक नेहमीचेच पान आणून, ते आटवून फोनकडे धाडी. लिहिणाऱ्याने वेगळे काही लिहायची गरज उरली नाही.

भारतात मोबाइल सेवा १९९५ साली सुरू झाली. पुढे जीपीआरएसचे स्वस्त फोन घरोघरी आले, तेव्हा मराठी वाचकापुढे एक वेगळीच अडचण उभी राहिली. अनेक फोनांना देवनागरी जुळवता येत नसे. ‘कि’ लिहिताना संगणकाच्या साठ्यात आधी क येतो आणि मग वेलांटी, पण दिसताना वेलांटी आधी दिसली पाहिजे. जोडाक्षरांचे तर विचारूच नका. परिणामी पडद्यावर नुसते चौकोन दिसत. ऑपेरा मिनीच्या एका आडबाजूच्या सेटिंगमध्ये अशा लिप्या चित्ररूपाने दाखवण्याचा पर्याय होता. तो निवडला की मधला संगणक अक्षरे जुळवून त्यांचे चित्र पाठवी. अनेकांनी साध्या फोनवर मराठी पाने वाचली ती अशी. मात्र चित्र मजकुरापेक्षा जड असते, आणि मीटर बाइटवर फिरत होता.

चित्र बाजूला ठेवले तरी लिपीचे वजन उरतेच. यूटीएफ-८ या प्रचलित संकेतपद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. इंग्रजीतील ‘स्कूल’ची सहा अक्षरे सहा बाइटांत बसतात. ‘शाळा’ या शब्दात श, काना, ळ, काना अशी चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट. एसएमएसचेही तसेच. १४० बाइटांच्या एका संदेशात इंग्रजी अक्षरे १६० मावतात आणि मराठी चिन्हे फक्त ७०. हा कोणी मुद्दाम केलेला अन्याय नव्हे. कोणती लिपी गृहीत धरून मोजमाप ठरले, याचा तो परिणाम आहे. पण मोजमाप एकदा ठरले की त्याचा भार कोणावर पडतो, हे विद्यार्थ्यांनी स्वतः मोजून पाहावे. आपले नाव, गावाचे नाव, पाठातील एक ओळ घेऊन चिन्हे मोजायची आणि तिनाने गुणायचे. एका तासिकेत सहज होईल.

डोकोमोने २०१९ साली घोषणा केली की आय-मोड ३१ मार्च २०२६ रोजी बंद होईल. त्या सेवेचे बारके पडदे केव्हाच मागे पडले आहेत आणि सेकंदाला ९,६०० बिट हा वेग विद्यार्थ्यांना आज खरा वाटणार नाही. प्रश्न मात्र जुने झालेले नाहीत. नवे साधन वर्गात आले की त्याचा वेग किती, हे मुले आपणहून विचारतात. मीटर कशावर फिरतो, आणि आपल्या भाषेला त्याची किंमत किती पडते, हे दोन प्रश्न त्यांना आपण विचारायला शिकवले पाहिजेत.