एका गाण्याची वहिवाट

१९६४ सालच्या मे महिन्याच्या १८ तारखेस सकाळी, लंडनच्या किंग्जवे रस्त्यावरील डी लेन ली या ध्वनिमुद्रणगृहात, न्यूकॅसल शहरातले पाच तरुण रात्रभराच्या आगगाडीच्या प्रवासाने शिणलेल्या अवस्थेत येऊन दाखल झाले. चक बेरी या विख्यात अमेरिकन गायकाच्या इंग्लंडमधील दौऱ्यात त्यांची नेमणूक होती. आदला प्रयोग लिव्हरपूलला झाला होता, पुढला त्याच दिवशी दुसऱ्या गावी व्हायचा होता, आणि या दोहोंमधल्या फटीत एक गाणे मुद्रित करून घ्यावे, एवढीच तजवीज होती. या मंडळींचे नाव 'द अ‍ॅनिमल्स' आणि गाण्याचे नाव 'द हाऊस ऑफ द रायझिंग सन', म्हणजे उगवत्या सूर्याचे घर. पहिल्या खेपेस जे गाणे उतरले तेच कायम झाले. त्याची लांबी साडेचार मिनिटांची होती, आणि तीन मिनिटांपलीकडचे गाणे नभोवाणीवाले वाजवीत नाहीत असा त्या व्यवसायातला पक्का समज असल्यामुळे निर्माता मिकी मोस्ट याच्या मनात त्याविषयी प्रथम शंकाच होती. परंतु मुद्रण ऐकल्यावर त्याने त्याला कात्री लावली नाही, एवढे श्रेय त्याच्या पदरी घातलेच पाहिजे. जुलैमध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. अमेरिकेतील कंपनीने ते छाटून तीन मिनिटांच्या आत बसवले, तरी सप्टेंबरात तेथेही ते तीन आठवडे अग्रस्थानी राहिले.

ज्याने हे मुद्रण ऐकले आहे त्याला त्याचा प्रारंभ विसरता येणे शक्य नाही. हिल्टन व्हॅलेंटाइन गिटारच्या तारा एकदम न छेडता एका कॉर्डमधील स्वर सुटे सुटे करून वर चढवतो आणि खाली उतरवतो, त्या चढउताराच्या लयीवर एरिक बर्डनचा भरड, वयाला न शोभणारा प्रौढ आवाज प्रथम संयमाने येतो, नंतर एकेका कडव्यागणिक तापत जातो, आणि अ‍ॅलन प्राइसचा ऑर्गन मध्यंतरी त्याची जागा घेऊन तोच संताप शब्दांवाचून पुढे नेतो. खाली चास चँडलरचा बेस आणि जॉन स्टीलचे ड्रम आहेत, पण ते स्वतःकडे लक्ष वेधून घेत नाहीत. विशीच्या आसपासच्या मुलांनी एवढे आवरलेले, एवढे नेमके काम करावे, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

तबकडीच्या लेबलावर मात्र एकच नाव छापलेले होते. गाणे पारंपरिक, संयोजन अ‍ॅलन प्राइस, अशी ती नोंद. पाचही नावांना लेबलावर जागा नाही, सोयीसाठी एक नाव घालू, असे आपल्याला सांगण्यात आले होते, असे बाकीच्यांचे म्हणणे. आणि त्या सोयीचा परिणाम असा झाला की संयोजनाच्या हक्कापोटी येणारा पैसा कायद्याने एकट्या प्राइसच्या खात्यावर जमा होऊ लागला. १९६५ मध्ये प्राइस मंडळीतून बाहेर पडला. तो हक्क मात्र त्याच्याबरोबर गेला, आणि व्हॅलेंटाइनच्या बोटांतून निघालेली ती सुरावट जगभरचे नवशिके गिटारवादक गिरवीत असताना त्याच्या हाती त्या नोंदीतून काही आले नाही. ही फिर्याद बर्डनने पुढे अनेक वर्षे केली आणि ती न्याय्य आहे. पण या पाचांच्या मामल्यापलीकडे दुसरा एक मामला आहे, आणि तो अधिक जुना व अधिक गंभीर आहे. ज्या गाण्याचा कर्ता ठाऊक नाही ते सर्वांच्या मालकीचे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कोणाच्याच मालकीचे नाही. त्याला नवे वळण देणाऱ्याने आपल्या वळणापुरती नोंद करून घ्यावी. या नियमात बेकायदा काही नाही. मात्र ज्यांनी ते गाणे आपल्या कंठात जतन करून तिथवर आणून पोहोचवले, त्यांची वहिवाट या दफ्तरात कोठेच लागत नाही.

ती वहिवाट मागे मागे जाऊन तपासण्यासारखी आहे. बर्डनच्या सांगण्याप्रमाणे हे गाणे त्याने प्रथम ऐकले ते न्यूकॅसलमध्येच, जॉनी हँडल या लोकगायकाकडून. हा हँडल स्वतः कोळशाच्या खाणीत काम केलेला आणि खाणकामगारांची गाणी गाणारा होता. त्याचबरोबर बॉब डिलनची १९६२ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झालेली पहिली तबकडीही या मुलांच्या हाती होती. त्यांचे आधीचे पहिले मुद्रित गाणेही तिच्यातल्याच एका गाण्यावर बेतलेले होते. 'रायझिंग सन' हे गाणेही तिच्यात होते, आणि डिलनने ते घेतले होते न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेज वस्तीतील डेव्ह व्हॅन रॉंक या आपल्या ज्येष्ठ स्नेह्याकडून. अर्ध्या अर्ध्या स्वराने पायरीपायरीने उतरणारा मंद्र सूर आणि त्याला साजेशा नव्या कॉर्ड ही व्हॅन रॉंकची स्वतःची योजना होती, आणि ते तो स्वतः मुद्रित करण्याच्या बेतात असताना डिलनने परवानगी विचारली ती मुद्रण उरकून आल्यानंतर. पुढे व्हॅन रॉंक ते गाऊ लागला की लोक म्हणत, हे तर डिलनचे. आणि अ‍ॅनिमल्सची तबकडी आल्यावर डिलनलाही ऐकावे लागले की हे तर अ‍ॅनिमल्सचे. हा किस्सा सांगणारे बहुधा हसून सांगतात. मला त्यात गाण्याच्या मालकीविषयीचा लोकांचा समज दिसतो: ज्याच्या तोंडून आपण प्रथम ऐकले तोच आपल्या लेखी धनी.

व्हॅन रॉंकने ते शिकले हॅली वुड या टेक्ससच्या गायिकेच्या मुद्रणावरून, आणि हॅली वुडने ते घेतले होते वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयातील एका तबकडीवरून. येथे आपण या साखळीच्या खऱ्या केंद्राशी येतो. १९३७ च्या हिवाळ्याआधी अ‍ॅलन लोमॅक्स हा बावीस वर्षांचा तरुण ग्रंथालयाच्या लोकसंगीत विभागातर्फे केंटकी राज्याच्या डोंगराळ पूर्व भागात, मोटारीत तबकड्या कोरणारे जड यंत्र घालून, पत्नी एलिझाबेथसह गावोगाव हिंडत होता. १५ सप्टेंबर रोजी तो मिडल्सबरो या गावी, नोटाऊन नावाच्या वस्तीत होता. हे गाव मोठे विलक्षण आहे. प्राचीन काळी उल्का कोसळून झालेल्या एका प्रचंड खळग्यात ते वसलेले आहे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते वसवले इंग्रजी भांडवलाने: कंबरलँड खिंडीच्या परिसरातील कोळसा आणि लोखंड हाती घेण्यासाठी लंडनमधील एका कंपनीने तेथे पैसा ओतला, उत्तर इंग्लंडमधील मिडल्सब्रो या लोखंडाच्या गावाचे नाव त्याला दिले, आणि लंडनमधील एका पेढीवरील व पुढे अमेरिकेतील आर्थिक अरिष्टात तो सारा मनोरा ढासळल्यावर मागे उरल्या त्या खाणी आणि खाणीतले मजूर. ज्याच्यावरून हे नाव घेतले ते इंग्लंडमधील मिडल्सब्रो न्यूकॅसलपासून फार दूर नाही. कोळशाच्या एका मुलुखातले गाणे सत्तावीस वर्षांनी समुद्रापलीकडच्या कोळशाच्या दुसऱ्या मुलुखातील मुलांच्या तोंडी जावे, हा योगायोग मला केवळ योगायोग वाटत नाही; दोन्हीकडच्या माणसांचे हाल एकाच व्यवस्थेने केले होते, आणि त्या गाण्यातील निराशा समजण्यासाठी न्यूकॅसलच्या मुलांना भाष्याची गरज नव्हती.

त्या दिवशी लोमॅक्सच्या यंत्रापुढे जॉर्जिया टर्नर नावाची सोळा वर्षांची मुलगी उभी राहिली. खाणकामगाराची ती मुलगी. कोणत्याही वाद्याच्या साथीवाचून तिने हे गाणे म्हटले, आणि यंत्राच्या सुईने ते कोरून घेतले. त्याच दौऱ्यात बर्ट मार्टिन नावाच्या दुसऱ्या एका गायकाकडून लोमॅक्सला आणखी काही कडवी मिळाली. दोहोंचा मेळ घालून त्याने १९४१ मध्ये 'अवर सिंगिंग कंट्री' या संग्रहात ते छापले. त्यातील स्वरलेखन रूथ क्रॉफर्ड सीगर या संगीतरचनाकार स्त्रीने केले होते. लोमॅक्सने जॉर्जियाचे नाव तेथे नोंदवले, ही त्याची सचोटी. त्याच वर्षी वुडी गथ्रीने आपल्या साथीदारांबरोबर ते मुद्रित केले, नंतर जॉश व्हाइट आणि लेडबेली या कृष्णवर्णीय गायकांनी ते आपापल्या ढंगात आणले, आणि पन्नाशीच्या दशकातील शहरी लोकगायकांपर्यंत ते अशा अनेक वाटांनी पोहोचले.

जॉर्जिया टर्नर ही या गाण्याची आद्य गायिका नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. तिच्या चार वर्षे आधी, १९३३ मध्ये, क्लॅरन्स अ‍ॅशली आणि ग्वेन फॉस्टर या दोघांनी त्याची तबकडी काढली होती, आणि अ‍ॅशली म्हणे की आपल्याला हे आजोबांकडून मिळाले. हा अ‍ॅशली फिरत्या औषधविक्यांच्या ताफ्यात गाणी म्हणून गर्दी जमवण्याचे काम करी. गावाच्या चौकात गाडी उभी राही, गाणे आणि नकला होत, लोक जमले की सर्व रोगांवरील रामबाण औषधाची बाटली विकली जाई, आणि गाडी पुढल्या गावी निघे. गाणे मात्र त्या गावातच राही. पुढे नावारूपाला आलेला रॉय अकफ हाही अशाच ताफ्यात तयार झाला, आणि १९३८ मध्ये त्यानेही हे गाणे मुद्रित केले. त्याही मागे १९२५ मध्ये रॉबर्ट गॉर्डन या संग्राहकाने एका मासिकातील आपल्या सदरात त्याचे शब्द छापले होते. त्यापलीकडे कागदाचा पुरावा संपतो. चालीचे धागे लोमॅक्सला जुन्या इंग्रजी कथागीतांत दिसत. ते अनुमान आहे आणि तेवढेच मानावे.

मग ते घर कोठले? गाण्यात न्यू ऑर्लिन्सचे नाव आहे, आणि त्या नावाने शोधकांच्या पिढ्या तिकडे ओढून नेल्या. त्या शहरातील कॉन्टी रस्त्यावर 'रायझिंग सन' या नावाची एक खाणावळवजा पांथशाळा होती आणि १८२२ मध्ये ती जळाली, याला दाखला आहे. २००५ मध्ये त्या जागी उत्खनन झाले तेव्हा ओठागालांना लावायच्या रंगाच्या बरण्या बऱ्याच निघाल्या, आणि त्यावरून वेश्यागृहाचा तर्क पुन्हा जोर धरू लागला. व्हॅन रॉंकचा तर्क वेगळा होता. न्यू ऑर्लिन्समध्ये त्याला जुनी छायाचित्रे पाहायला मिळाली, त्यांतल्या एकात स्त्रियांच्या कैदखान्याच्या दारावर उगवत्या सूर्याचे चिन्ह कोरलेले होते, आणि गाण्यात बेड्यांचा उल्लेख असल्यामुळे त्याला तेच पटले. दोन्ही तर्क मनोरंजक आहेत, सिद्ध एकही नाही. केंटकीच्या डोंगरात राहणाऱ्या ज्या माणसांनी हे गाणे जगवले त्यांतल्या बहुतेकांनी ते शहर पाहिलेही नसेल. त्यांच्या लेखी न्यू ऑर्लिन्स ही आगगाडीच्या दुसऱ्या टोकाला असलेली, घर सोडून गेलेल्या लेकरांना गिळणारी एक जागा होती, आणि गाण्याला तेवढा पत्ता पुरत होता.

घराच्या पत्त्यापेक्षा मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो निवेदकातला बदल. जॉर्जिया टर्नरच्या तोंडी ही एका मुलीची कहाणी आहे: एका पुरुषाच्या नादाने ती नासली, धाकट्या बहिणीला माझ्यासारखे करू नकोस म्हणून बजावण्याची विनवणी करते आहे, आणि सगळे कळत असूनही त्याच घराकडे परत निघाली आहे. अ‍ॅशलीच्या पाठात निवेदक पुरुष होता, म्हणजे हे गाणे डोंगरात दोन्ही तोंडांनी फिरत असावे. परंतु जी शाखा पुढे फोफावली ती जॉर्जियाची, आणि डिलनसुद्धा स्त्रीच्याच भूमिकेतून गातो. अ‍ॅनिमल्सनी तेथे मुलगा घातला, जुगारी बाप घातला, आई शिवणकाम करणारी ठेवली. बाजारासाठी हे सोयीचे होते, आणि बर्डनच्या आवाजाने ते पेललेही. पण किंमत मोजावी लागली. मुलाच्या तोंडी ती वाया गेलेल्या तारुण्याची कथा होते. मुलीच्या तोंडी ती परतीची वाट बंद झालेल्या जिवाची कथा असते, कारण त्या समाजात जुगारी मुलाला माफी होती आणि त्या घरात राहून आलेल्या मुलीला नव्हती. कोट्यवधी श्रोत्यांनी हे गाणे ऐकले, आणि ज्या प्राण्याने ते प्रथम आक्रंदून सांगितले असावे तोच त्यातून बाहेर गेला.

जॉर्जिया टर्नर पुढे लग्न करून, लेकुरवाळी होऊन, कामाच्या शोधात उत्तरेकडे गेलेल्या हजारो डोंगरी कुटुंबांप्रमाणे मिशिगन राज्यात जाऊन राहिली. साठीच्या दशकात गाण्याच्या हक्कापोटी काही पैसा तिच्याकडे वळता झाला. ती सारी रक्कम शे-सव्वाशे डॉलरांच्या घरातली होती. फुप्फुसांच्या विकाराने १९६९ मध्ये, पन्नाशी गाठण्याआधीच, ती वारली. पुढच्याच वर्षी त्याच मिशिगनमधील डेट्रॉइट शहरातल्या फ्रिजिड पिंक नावाच्या मंडळीने हे गाणे कर्कश विद्युत्‌गिटारवर पुन्हा गाजवले. प्राइसवर किंवा लोमॅक्सवर मी लबाडीचा आरोप ठेवीत नाही. हिशेब लिहिण्याची जी पद्धत होती तीत तिच्यासाठी रकानाच नव्हता, आणि रकाना नाही म्हणून देणे लागत नाही, हे मला मान्य नाही.

तिची ती तबकडी सुदैवाने टिकली आहे आणि आता कोणालाही ऐकता येते. अ‍ॅनिमल्सचे मुद्रण ज्यांच्या मनात ठसलेले आहे त्यांनी ती मुद्दाम ऐकावी. तिची चाल अपेक्षेपेक्षा चपळ आहे, गडद विषादाचा रंग तीत जवळजवळ नाही, तो पुढल्या हातांनी चढवला. आणि कडव्याच्या अखेरीस सूर किंचित वर फेकून ती पुढल्या ओळीकडे वळते ती लकब त्यांतल्या एकालाही उचलता आलेली नाही.