बेंजोची कागदपत्रं

मुंबईतल्या कॉलेजकुमारांच्या रॉक बँडांचा इतिहास लिहायला बसणाऱ्याची फारशी अडचण होत नाही. इंपीरियल टोबॅको कंपनीनं आपल्या ‘सिमला’ सिगारेटच्या प्रचारासाठी ‘ऑल इंडिया सिमला बीट काँटेस्ट’ भरवली आणि तिच्यातल्या बँडांच्या दोन तबकड्या काढल्या, एक १९७० ची, दुसरी १९७१ ची. शिलाँगचे फेंटोन्स, मद्रासचे कन्फ्यूजन्स, बंगळूरचे डायनोसॉर्स, मुंबईचा वेल्व्हेट फॉग अशी सगळी मंडळी त्यांत सापडतात. कलकत्त्याहून डेस्मंड डॉइग यांच्या संपादनाखाली ‘जेएस’ साप्ताहिक निघायचं, त्यात या पोरांचे फोटो छापून यायचे. पुढे सिद्धार्थ भाटियांनी २०१४ मध्ये या पिढीवर अख्खं पुस्तक लिहिलं. आत्माराम आणि आशा भेंड्यांचा मुलगा नंदू भेंडे वेल्व्हेट फॉग, सॅव्हेजेस अशा बँडांत गात मोठा झाला. अलेक पदमसींच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये १९७४ साली तो ज्यूडास होता आणि १९७८ च्या ‘तीन पैशाचा तमाशा’त तेच रॉकचं वारं त्यानं मराठी रंगभूमीवर आणलं. सिगारेट कंपनीचा पैसा, इंग्रजी साप्ताहिक आणि नाटकाचं घराणं अशा तीन वाटांनी त्या पोरांची नावं कागदावर राहिली.

कसाऱ्याच्या लोकलनं आसनगावला उतरलं की शहापूर. कल्याणहून माळशेजच्या रस्त्याला लागलं की मुरबाड, तिथं अजून रेल्वेच नाही. या दोन तालुक्यांतल्या पोरांची तबकडी कुणी काढली नाही. पण वर्गणी काढून वाद्यं घ्यायची, रात्री ओसरीवर नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात तालीम करायची, वीज लावून आवाज वाढवायचा आणि म्हाताऱ्यांच्या शिव्या खायच्या, हे सगळं इथंही झालं. इथं त्याला बेंजो पार्टी म्हणतात. गिटारच्या जागी बेंजो, ड्रमच्या जागी ताशा आणि ऑक्टोपॅड, एवढाच काय तो फरक. तिचा इतिहास लिहायचा तर कागद दुसरीकडे हुडकावे लागतात, आणि ते ज्यांच्या दप्तरात मिळतात त्यांना बेंजोचं कौतुक असतंच असं नाही.

सुरुवात वाद्यापासूनच करावी, कारण वाद्य हाही दस्तऐवजच. आपल्याकडचा बेंजो म्हणजे अमेरिकेतला चामडं मढवलेला बँजो नव्हे. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर तारा आणि तारांवर बटणांची रांग. डाव्या हातानं बटण दाबलं की खालची पट्टी तारेला टेकते आणि सूर ठरतो, उजव्या हातातल्या नखीनं तार छेडायची. बाकीच्या तारा मोकळ्या, एकाच सुरात गुणगुणत राहणाऱ्या. हे जपानी ताइशोगोतो. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली ते बनवलं, टाइपरायटरच्या बटणांवरून सुचून. तिथून ते दक्षिण आशियात आलं, कुठं बुलबुलतरंग झालं, बलुचिस्तानात बेंजू झालं आणि आपल्याकडे बेंजो. ज्याला स्वरलिपी येत नाही, गुरू परवडत नाही, पण पेटीची पट्टी ओळखता येते अशा पोराला हे वाद्य महिन्या-दोन महिन्यांत गाणं देतं. सतारीला वर्षं लागतात. गिटारला निदान बोटांना घट्टे पडावे लागतात. बेंजोला बटणं असल्यामुळे बेसूर व्हायची सोयच कमी, आणि सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या हातात तो टिकला याचं मोठं श्रेय या बटणांना द्यायला हवं.

पण नुसता बेंजो वरातीत ऐकू जात नाही. तारांखाली पिकअप बसवला, वायर अँप्लिफायरला जोडली आणि भोंगा टेम्पोच्या टपावर बांधला की मग तो ताशाला पुरून उरतो. आपल्याकडे अँप्लिफायर म्हटलं की आहुजा. दिल्लीची ही कंपनी १९४० पासूनची, आणि देवळाच्या भजनापासून निवडणुकीच्या सभेपर्यंत तिचेच भोंगे. म्हणजे बेंजो पार्टीनं आवाजाचं नवं यंत्र आणलं नाही, गावात आधीच असलेल्या यंत्राला आपली वायर जोडली. पुढे जपानी माल येत गेला. कॅसिओचा पहिला कीबोर्ड १९८० चा, रोलंडचा पहिला ऑक्टोपॅड १९८५ चा. त्याच दशकात कॅसेटी स्वस्त झाल्या. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या आपल्या पुस्तकात कॅसेटनं प्रांतोप्रांतीच्या गाण्यांना कसा बाजार मिळवून दिला ते नीट मांडलं आहे. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, पुढे आनंद-मिलिंद शिंदे यांची गाणी घरोघर वाजू लागली, नि बेंजोवाल्या पोरांची शाळा म्हणजे ही कॅसेट. टेप थांबवायची, मागं न्यायची, पुन्हा लावायची, बटणांवर सूर शोधायचा. मुंबईतली पोरंसुद्धा बीटल्स असेच शिकली होती, फक्त त्यांच्याकडे तबकडी होती.

सरकारी जुन्या दप्तरात हे संगीत शोधू गेलं तर वेगळंच चित्र दिसतं. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये लोकांचं वर्णन जातवार आहे, लग्नविधीही जातवार. वारल्यांचा तारपा, ठाकरांचा ढोलनाच आणि कांबडनाच, आगऱ्यांच्या लग्नातले धवले, हे सगळं ज्या त्या समाजाचं म्हणून ओळखलं जातं. बेंजोला अशी एका जातीची मालकी नाही. एका पार्टीत कुणबी, आगरी, ठाकर, बौद्ध पोरं एकत्र वाजवताना दिसतात आणि गणपती, नवरात्र, १४ एप्रिलची मिरवणूक, हळद अशा सगळीकडे तीच पार्टी जाते. जातवार फाइली लावणाऱ्या अभ्यासकाला ती सापडत नाही, ती याच कारणानं. लोकसंगीतवाल्यांना ती लोकसंगीत वाटत नाही आणि शहरी संगीतवाल्यांना ती संगीतच वाटत नाही. मला दोन्ही निवाडे चुकीचे वाटतात.

मग तिचं नाव येतं कुठं? सार्वजनिक मंडळांनी वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-क खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते आणि हिशोब ठेवावा लागतो. अशा हिशोबात बेंजो येतो तो खर्चाच्या एका ओळीत. मांडव, मूर्ती, वाद्य. सही करतो तो पार्टीचा म्होरक्या, ज्याच्या नावावर वाद्यं असतात आणि जो सुपारी घेतो, विसार घेतो. बाकीची आठ-दहा पोरं त्या ओळीच्या मागे राहतात. पण ओळीशेजारची तारीख कामाची. लग्नाच्या तिथ्या, माघ-पौषातल्या जत्रा, पौष पौर्णिमेची मुरबाडची म्हशाची जत्रा, गणपती, नवरात्र, तुळशीचं लग्न. या तारखा पंचांगावर मांडल्या की मधली मोकळी जागा लगेच दिसते. ती आवणीची. भाताचा मुलूख आहे हा. आषाढात रोपं लावायची म्हटल्यावर घरातल्या कुणालाच सुटी नसते, ताशावाल्यालाही नाही. बेंजो तेव्हा प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून माळ्यावर जातो. सिमला बीटच्या पोरांना कॉलेजची परीक्षा होती, यांना पाऊस.

दुसरा मोठा कागद पोलिसांचा. १९५१ च्या मुंबई (आता महाराष्ट्र) पोलीस अधिनियमाच्या कलम ३८ मध्ये संगीत, आवाज किंवा गोंगाट चालू ठेवायला मनाई करण्याचा अधिकार आहे. मसुदा करणाऱ्यानं वाद्य वाजवणं, बडवणं, आपटणं, फुंकणं अशी क्रियापदांची रांगच लावली आहे. आवाज काढायचा एकही प्रकार सुटू नये ही त्याची धडपड वाचताना गंमत वाटते. त्यानंतर १४ फेब्रुवारी २००० चे ध्वनिप्रदूषण नियम. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. मूळ नियमात बंदी होती ध्वनिक्षेपकावर आणि ध्वनिक्षेपण यंत्रणेवर. म्हणजे भोंगा काढून ठेवला तर ताशा वाजवायला शाब्दिक वाट होती. २०१० च्या दुरुस्तीनं ती बुजवली. ‘आवाज काढणारं साधन’ आणि ‘वाद्य’ हे दोन्ही नियमात आले. बेंजोचं नाव त्यात नाही, पण त्या दुरुस्तीत तो आणि ताशा दोघेही बसले.

मधल्या काळात दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या. मे २००५ मध्ये टाटांचा ‘एस’ ट्रक बाजारात आला. गावानं त्याचं नाव छोटा हत्ती ठेवलं. जनरेटर, भोंगे आणि कीबोर्डवाला पोरगा असं सगळं एका गाडीत मावू लागलं आणि शहापूरची पार्टी घाट ओलांडायच्या सुपाऱ्या घेऊ शकली. त्याच वर्षी १८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाचा आवाजाविषयीचा मोठा निकाल लागला, सरन्यायाधीश रमेशचंद्र लाहोटी यांच्या खंडपीठाचा. आवाज फिरवण्याची सोय झाली आणि आवाजाची वेळही पक्की झाली, अवघ्या दोन महिन्यांच्या अंतरानं.

ठाण्यातले डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर निकाल दिला. ध्वनिक्षेपक वापरणं हा धर्मस्वातंत्र्याचा भाग होत नाही असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. पुढच्याच महिन्यात रवी जाधवांचा ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट आला, रितेश देशमुख त्यात मुंबईतला बेंजोवाला. निकालपत्र आणि चित्रपट शेजारी ठेवून वाचावेत. एकात बेंजो हा त्रास आहे, दुसऱ्यात तो परदेशी संगीतकाराला शोधून काढावासा वाटणारा चमत्कार. प्रत्यक्षात तो दोन्ही असतो. हळदीच्या रात्री ज्याच्या दारापुढे भोंगा लावला आहे त्याच्या घरातली तान्ही मुलं आणि म्हातारी माणसं आठवली तर डॉक्टरांची बाजू खोटी म्हणता येत नाही, आणि भोंग्यामागे उभ्या असलेल्या पोराच्या तोंडावरचा तोरा पाहिला तर त्यालाही गुन्हेगार म्हणवत नाही.

नियमात एक सवलत आहे. सांस्कृतिक किंवा धार्मिक सणासाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत परवानगी देऊ शकतं. ते दिवस गणपती, नवरात्र, शिवजयंती, आंबेडकर जयंती यांसारख्या ठरलेल्या सणांतच वाटले जातात. हळद हा घरचा कार्यक्रम, त्यामुळे तिला त्या १५ दिवसांत जागा नाही. आणि पार्टीची खरी कमाई हळदीची. त्यामुळे नियम पाळायचा तर वाजवणं सूर्य मावळायच्या सुमाराला सुरू करावं लागतं, दहाच्या आत उरकावं लागतं. पाहुणे मात्र कामावरून सुटून, लोकलनं आसनगावला नाहीतर एसटीनं मुरबाडला उतरून, आठ-साडेआठला पोचतात.