शांता आपटे : वादग्रस्त की वाद घालणारी?

शांता आपटे यांचे नाव निघाले की दोन किस्से हमखास सांगितले जातात. एक, ‘फिल्मइंडिया’चे संपादक बाबूराव पटेल यांच्यावर उगारलेल्या छडीचा, दुसरा, १९३९ साली पुण्यात प्रभात स्टुडिओच्या फाटकापाशी त्यांनी केलेल्या उपोषणाचा. दोन्ही किस्से त्यांच्या ‘तापट’ स्वभावाचे दाखले म्हणून रंगवले जातात. पहिल्याचे खरेखोटे बाजूला ठेवू. दुसरा मात्र किस्सा नाही, इतिहास आहे.

‘अमृतमंथन’ (१९३४) पासून त्यांचे गाणे घरोघर पोहोचले होते. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर व्ही. शांतारामांनी ‘कुंकू’ (१९३७) काढला. वृद्धाशी फसवून लावलेले लग्न नाकारणारी नीरा शांताबाईंनी उभी केली आणि प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतले. अवघ्या दोन वर्षांनी त्याच अभिनेत्रीने मालकांशी करारावरून तंटा मांडला, तेव्हा मात्र तो हट्टीपणा ठरला. पडद्यावरचा नकार कलेत जमा झाला, फाटकापाशी दिलेला नकार स्वभावात!

उपोषणानंतर त्यांनी लेखणी उचलली, ही गोष्ट आपण जवळजवळ विसरलो आहोत. ‘जाऊ मी सिनेमांत?’ हे त्यांचे पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले. शीर्षकातला प्रश्न त्या काळच्या असंख्य मुलामुलींचा होता. पण त्याचे उत्तर देताना त्या चित्रपटाच्या झगमगाटाविषयी बोलत नाहीत. त्या बोलतात श्रमाविषयी, मालक आणि राबणारे यांच्यातील संबंधांविषयी. नटी हीसुद्धा कामगार आहे, हा त्यांचा मुद्दा आहे.

महायुद्धाच्या काळात कंपनीच्या पगारी नोकरीची पद्धत खिळखिळी होत गेली आणि नट स्वतंत्रपणे करार करू लागले. शांताबाई या वाटेवर आधीच निघाल्या होत्या. तमिळ ‘सावित्री’त (१९४१) त्या नायिका होत्या, तर एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारद. त्यासाठी त्या तमिळ शिकल्या. पुढच्याच वर्षी लाहोरच्या पांचोली संस्थेचा ‘जमीनदार’ आला. ‘सुभद्रा’त (१९४६) त्या नवोदित लता मंगेशकरांबरोबर गायल्या. पार्श्वगायन रुळत होते, गायिका-अभिनेत्रींचे दिवस सरत आले होते. १९६४ साली शांताबाई गेल्या.

आत्मचरित्रे शिकवताना आपण नटनट्यांच्या आठवणी कौतुकाने वाचतो. त्यांतला संघर्ष बहुधा घर आणि समाज यांच्याशी असतो. शांताबाईंचे पुस्तक त्या पंक्तीत बसत नाही, कारण ते आठवणी सांगत नाही, बाजू मांडते. मराठीत कामगार साहित्याचा विचार करताना या पुस्तकाला कोठे जागा द्यायची, हे आपण अजून ठरवलेले नाही. ‘वादग्रस्त’ हे विशेषण त्यामुळेच सोयीचे झाले असावे. व्यक्ती वादग्रस्त ठरली की तिचा वाद ऐकून घ्यावा लागत नाही.