आंतरराष्ट्रीय संस्थांमधील निवडणुका आणि जागतिक वारसा समिती : भीमाशंकर-जुन्नर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
भीमा नदीचे उगमस्थान, बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक आणि शेकरूचे आश्रयस्थान म्हणून भीमाशंकर सर्वपरिचित आहे. तेथील वनास १९८५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. तथापि २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांची जागतिक वारसा यादीत नोंद झाली, तेव्हा महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली व राधानगरी ही चारच स्थळे त्यात होती. शेजारच्या जुन्नर तालुक्यातील शिवनेरीस मात्र २०२५ मध्ये हा मान लाभला. असे निर्णय घेणारी समिती निवडणुकीतून अस्तित्वात येते. म्हणून या निवडणुकांचे स्वरूप अभ्यासणे उद्बोधक ठरते.

प्रचाराची पद्धती :
आंतरराष्ट्रीय निवडणुकीत जाहीर सभा नसतात. मतदार म्हणजे राष्ट्रांचे प्रतिनिधी असतात. उमेदवारी बरीच आधी जाहीर केली जाते. त्यानंतर प्रादेशिक गटाची संमती मिळविणे, विविध राजधान्यांत राजदूतांमार्फत संपर्क साधणे, लेखी आश्वासने घेणे आणि 'या संस्थेत तुम्ही आम्हास, त्या संस्थेत आम्ही तुम्हास' अशी मतांची देवाणघेवाण करणे हे मुख्य मार्ग होत. मतदान गुप्त असल्याने दिलेले आश्वासन पाळले गेले की नाही, हे कळत नाही.

भारताने हा अनुभव १९९६ मध्ये घेतला. सुरक्षा परिषदेच्या अस्थायी जागेसाठी जपानला १४२, तर भारताला केवळ ४० मते मिळाली. २०१० मध्ये कझाकस्तानने माघार घेतल्याने आशियाई गटात भारत एकमेव उमेदवार राहिला व १९० पैकी १८७ मते मिळवून विजयी झाला. प्रादेशिक गटातील स्पर्धा आधीच मिटविणे किती महत्त्वाचे असते, हे या दोन निवडणुकांच्या तुलनेतून स्पष्ट होते.

वारसा समिती आणि सह्याद्री :
१९७२ च्या जागतिक वारसा करारान्वये स्थापन झालेल्या समितीत २१ राष्ट्रे असतात. करारात सहभागी राष्ट्रांची सर्वसाधारण सभा त्यांची निवड करते. भारताने हा करार १९७७ मध्ये स्वीकारला.

जून २०११ मध्ये पश्चिम घाटाचा प्रस्ताव समितीने अधिक माहितीसाठी परत पाठविला. त्या वेळी भारत समितीचा सदस्य नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारत निवडून आला. जुलै २०१२ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथील अधिवेशनात, आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने प्रस्ताव लांबणीवर टाकण्याची शिफारस केलेली असतानाही, नोंद मंजूर झाली. स्वतःच्या देशातील स्थळाविषयी सदस्य राष्ट्रास अध्यक्षांच्या निमंत्रणाविना बोलता येत नाही. त्यामुळे मित्रराष्ट्रांचा पाठिंबा निर्णायक ठरतो. या वेळी रशियाने पुढाकार घेतला होता.

२०१५ मध्ये मुदत संपल्यावर भारत पुन्हा २०२१ मध्ये निवडून आला. ही मुदत २०२५ च्या अखेरीस संपण्यापूर्वीच, ११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथे 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने शिवनेरीसह १२ दुर्गांची नोंद झाली. चर्चेत २० पैकी १८ सदस्य राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावास अनुकूलता दर्शविली.

मर्यादा :
या घटनाक्रमावरून समितीतील जागेमुळेच यश मिळाले, असा थेट कार्यकारणभाव मांडणे योग्य होणार नाही. सदस्यत्वामुळे अन्य प्रतिनिधींशी नित्य संवाद साधता येतो, एवढे निश्चित. परंतु जागेसाठी जी देवाणघेवाण होते, तीच निर्णयांतही उतरली, तर तज्ज्ञांच्या शिफारशींचे मोल कमी होते आणि यादीची विश्वासार्हता धोक्यात येते. जे राष्ट्र आज अशा सवलतीचा लाभ घेते, त्याला उद्या इतरांच्या सदोष प्रस्तावांना विरोध करण्याचा नैतिक अधिकार उरत नाही.

निष्कर्ष :
निवडणुकीतील यश प्रस्तावाला वाट करून देते. प्रस्ताव मात्र स्थळाच्या अभ्यासातूनच उभा राहतो. भीमाशंकर पश्चिम घाटाच्या प्रस्तावातच नव्हते. त्यामुळे समितीतील कितीही मते त्याच्या उपयोगी पडणार नव्हती. तेथील वनस्पती, प्राणी, देवराया व महादेव कोळी समाजाचे परंपरागत ज्ञान यांची शास्त्रशुद्ध नोंद करणे हे पहिले कार्य होय, आणि त्यात परिसरातील महाविद्यालयांचा वाटा मोठा असू शकतो. मुत्सद्देगिरीचे काम त्यानंतर सुरू होते.