सवय आपल्याला, कारण त्यांना?

टीईटीची तयारी करणारे आपले तरुण थॉर्नडाइक, पियाजे, व्हायगॉट्स्की ही नावे घोकतात. घोकणे म्हणजे शिकणे नव्हे, असे सांगणारे सिद्धांतही घोकूनच पाठ होतात! परीक्षा संपली की सगळे विसरले जाते. म्हणून आम्ही हा विषय वेगळ्या बाजूने मांडत आहोत. मूल कसे शिकते, या वादाचा जातीशी काय संबंध आहे?

अंबरनाथ एमआयडीसीतल्या कामगाराला समजेल असे उदाहरण घेऊ. ॲसिड पातळ करताना पाण्यात हळूहळू ॲसिड ओतायचे, ॲसिडमध्ये पाणी कधीच ओतायचे नाही. हे शिकवण्याच्या तीन रीती आहेत. पहिली, रोज करवून घ्या, बरोबर केले तर शाबासकी द्या, चुकले तर दटावा. हात आपोआप तसाच वळतो. हा वर्तनवाद. दुसरी, कारण समजावून सांगा. ॲसिड आणि पाणी एकत्र आले की मोठी उष्णता निघते, वरून ओतलेले थोडे पाणी जागीच उकळते आणि ॲसिडसकट अंगावर उडते. हे ज्याला कळले तो नवे रसायन समोर आले तरी आधी विचार करतो. तिसरी, जाणत्या कामगाराबरोबर नव्याने काम करावे, शंका विचाराव्यात, दोघांनी मिळून उत्तर शोधावे. एकट्याला आज जमत नाही ते जाणत्याच्या मदतीने जमते आणि उद्या एकट्यालाही जमू लागते, हे व्हायगॉट्स्कीचे म्हणणे.

तिन्ही रीती लागतात. पण कोणाच्या वाट्याला कोणती येते? हेल्परला सवय, इंजिनिअरला कारण! हात एकाचा आणि डोके दुसऱ्याचे, ही वाटणी कारखान्याने शोधलेली नाही. ती जातिव्यवस्थेची आहे. जात म्हणजे केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी 1936 साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडले ते याच अर्थाने.

ही वाटणी मोडण्याचा इतिहासही आपलाच आहे. 1848 साली पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. पुढे त्यांच्याच शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. वेदांवर फक्त ब्राह्मणांचा हक्क असेल तर आम्ही धर्माविना आहोत, असा सवाल या मुलीने केला. पाठांतरातून असा सवाल येत नाही. आपल्या वस्तीत भोगलेले दुःख हाच अभ्यासाचा विषय आहे, असे जिथे मानले जाते तिथूनच तो येतो.

1882 साली हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांनी निवेदन दिले. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, वाचन-लेखन-हिशेबाबरोबर शेती आणि आरोग्याचेही ज्ञान द्या, आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून नेमा, अशी त्यांची मागणी होती. वेळ पडल्यास नांगर किंवा सुताराचे हत्यार हातात धरायला ज्याला लाज वाटत नाही, असा मास्तर त्यांना हवा होता. मुलाच्या अनुभवाला वर्गात जागा हवी, हे पुढे जगभर गाजलेले तत्त्व जोतिरावांनी तेव्हाच सरकारदरबारी नोंदवले होते.

1913 साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्या काळात तिथे दोन विचार शेजारी शेजारी नांदत होते. एडवर्ड थॉर्नडाइक मांजरांना पिंजऱ्यात ठेवून केलेल्या प्रयोगांवरून सराव आणि परिणामाचे नियम सांगत होते. बुद्धीतला फरक मुख्यतः जन्मजात असतो, असेही ते मानत. जन्मावरून कुवत ठरवण्याचा हा विचार आपल्याला अनोळखी नाही! दुसरे जॉन ड्यूई. माणूस अनुभवातून, अडचण सोडवताना, इतरांच्या सोबतीने शिकतो. म्हणून शाळेतच लोकशाही जगता आली पाहिजे, ही त्यांची मांडणी. बाबासाहेब ड्यूईंच्या वर्गात बसले आणि त्यांचे ऋण त्यांनी जन्मभर मानले. ज्याला शाळेत इतर मुलांपासून दूर बसवले गेले होते, त्याला हे वेगळे सांगायला नको होते की बसण्याची जागाही धडा शिकवते.

पण बाबासाहेब केवळ तत्त्वावर थांबले नाहीत. 12 मार्च 1927 रोजी मुंबई विधिमंडळात त्यांनी सरकारी अहवालातलाच आकडा पुढे ठेवला. शाळेत येणाऱ्या 100 मुलांपैकी फक्त 18 चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली 82 पुन्हा निरक्षर होतात. शाळेत आलेले मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

हा आकडा आजच्या शिक्षकांनी विसरू नये. शिक्षण हक्क कायदा 2009 ने कृतीतून आणि शोधातून, भयमुक्त वातावरणात शिकण्याचा हक्क दिला. शासनाच्या कागदोपत्री ज्ञानरचनावाद आला. पण 'मूल स्वतःच शिकते' म्हणून शिक्षकाने हात झटकले, तर ज्याच्या घरी पुस्तक नाही आणि शिकवणीला पैसे नाहीत त्याचेच मूल मागे पडते. अक्षर आणि पाढे सरावानेच पक्के होतात. तो सराव सोडणे म्हणजे रचनावाद नव्हे. आणि सरावावरच थांबणे म्हणजे पुन्हा हेल्पर घडवणे.

मग वर्गात काय करायचे? वालधुनी नदी अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून उल्हासनगरकडे वाहते. आम्ल-अल्कलीची व्याख्या पाठ करून घ्याच. मग शिक्षकाने तिचे पाणी बाटलीत आणून लिटमस कागद लावू द्या. रंग बदलला तर का, नाही बदलला तर पाणी स्वच्छ म्हणायचे का, यावर मुलांना गटात वाद घालू द्या. नदीत हे पाणी कोणी सोडले आणि काठावर कोणाच्या वस्त्या आहेत, हा प्रश्न मुले स्वतःच विचारतील. तो प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा म्हणून गप्प करू नका.

बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव दिले. मिलिंद हा भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा राजा होता. आपल्या वस्तीतले अभ्यासवर्ग चालवणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने रोज स्वतःला एवढेच विचारावे, आज मुलांनी किती उत्तरे पाठ केली हे आपण मोजले, पण त्यांनी किती प्रश्न विचारले?

जय भीम!