किल्ली कुठल्या वाटेने गेली?

वैनगंगेच्या काठावरच्या पवनीत १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केलं. जगन्नाथ टेकडीच्या पोटातून स्तूप निघाला. त्याच्या कठड्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली होती, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने वाचावीत म्हणून. याच पवनीत वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपटही सापडलेला आहे. तो पाचव्या शतकातला. मोठा आणि महत्त्वाचा दस्तऐवज सुरक्षितपणे दुसऱ्याच्या हाती कसा द्यायचा, हा आजच्या ऑफिसातला रोजचा प्रश्न. तो समजून घ्यायला ताम्रपटापासून सुरुवात केलेली बरी.

वाकाटकांचे ताम्रपट बहुधा एकाहून अधिक पत्र्यांचे असतात. मजकूर मोठा, एका पत्र्यावर न मावणारा. पहिल्या आणि शेवटच्या पत्र्याची बाहेरची बाजू कोरी ठेवायची, म्हणजे अक्षरं झिजत नाहीत. प्रत्येक पत्र्याला भोक पाडायचं, सगळ्यांतून तांब्याची एकच कडी ओवायची आणि कडीसोबत राजाची मुद्रा. मधला एखादा पत्रा काढून दुसरा घालायचा तर कडी उघडावी लागणार, आणि ते लपवणं अवघड.

यात गुप्त काहीच नव्हतं. कोणतं गाव कोणाला दिलं हे पंचक्रोशीला कळायलाच हवं होतं. भीती वेगळीच होती: उद्या कोणी खोटा पट घेऊन आला तर? ती पोकळ नव्हती. सातव्या शतकातल्या हर्षवर्धनाच्या मधुबन ताम्रपटात एक गाव कोणीतरी ‘कूटशासना’च्या, म्हणजे बनावट सनदेच्या, जोरावर उपभोगत असल्याचा उल्लेख आहे. हर्षाने ते गाव काढून दुसऱ्यांना दिलं. जमिनीच्या कागदात खोट शिरली की कोणाचं तरी घर बुडतं, हे तेव्हाही खरं होतं.

तांब्याची जागा कागदाने घेतली तेव्हा हीच काळजी मराठी दफ्तरात आली. पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब. ‘मर्यादेयं विराजते’ ही शिवाजी महाराजांची लहान मुद्रा त्यासाठीच होती: पत्राची हद्द इथे संपली, यापुढे कोणी ओळ घुसडली तर ती आमची नव्हे. आपण सहज म्हणतो तो ‘शिक्कामोर्तब’ शब्द या दोन टोकांना जोडून झाला आहे. लांबलचक पत्रासाठी कागदाला कागद चिकटवत जायचे आणि पाठीमागे सांध्यांवर खूण किंवा शिक्का करायचा. एक तुकडा बदलला तर सांध्यावरची खूण जुळत नाही.

माझ्या कामात या सांध्यावरच्या खुणेला हॅश म्हणतात. फाईलच्या सगळ्या मजकुरावरून गणिताने काढलेला एक ठरावीक लांबीचा आकडा. मजकुरातला एक स्वल्पविराम हलला तरी आकडा पार बदलतो. मोठी फाईल इंटरनेटवरून तुकड्यातुकड्याने जाते तेव्हा अनेक व्यवस्थांमध्ये प्रत्येक तुकड्याचा असा आकडा पलीकडे ताडून पाहतात. मात्र नुसता हॅश म्हणजे शिक्का नव्हे. फाईल बदलणारा माणूस नवा आकडाही काढून देऊ शकतो. शिक्क्याचं काम डिजिटल सही करते: हा आकडा अमक्यानेच दिला याची ग्वाही.

इथवर दोन प्रश्न सुटले. हे कोणी पाठवलं? आणि वाटेत कोणी बदललं का? तिसरा प्रश्न उरतो: वाटेत कोणी वाचलं का?

त्याची सगळ्यात मोठी मराठी गोष्ट विदर्भातच घडली. पवनीचं उत्खनन झालं तेव्हा नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते वि. भि. कोलते. त्यांनी आयुष्य घातलं ते महानुभाव पंथाच्या वाङ्मयात. तेराव्या शतकात चक्रधर स्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ म्हणून गोळा केल्या. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत गेली. शिष्यांनी ज्याला जे आठवत होतं त्यावरून ग्रंथ पुन्हा उभा केला, म्हणून त्याचे वेगवेगळे पाठ आहेत. आजच्या भाषेत, सर्व्हर जळाला आणि बॅकअप माणसांच्या डोक्यात होता.

चौदाव्या शतकापासून पंथीयांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. सकळ लिपी, सुंदरी लिपी अशी त्यांची नावं. सकळ लिपी रवळोबासांनी घडवली असं परंपरा सांगते. तत्त्व साधं: एका अक्षराच्या जागी ठरलेलं दुसरं चिन्ह. ग्रंथ अनधिकारी माणसाच्या हाती पडू नये, त्याची नासाडी किंवा टिंगल होऊ नये, हा हेतू. चार-दोन निरोप नव्हेत, अख्खं वाङ्मय त्यांनी असं बंद केलं. पंथ पुढे पंजाबापर्यंत पसरला, तरी मठामठांत नकला होत राहिल्या आणि किल्ली गुरूकडून शिष्याकडे जात राहिली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीची उकल केली. अशी अदलाबदलीची लिपी फुटू शकते, हे बगदादच्या अल-किंदीने नवव्या शतकातच लिहून ठेवलं होतं. भाषेत काही अक्षरं वारंवार येतात, काही क्वचित. चिन्हं मोजत बसलं की मुखवटा गळतो. आणि १८८३ साली ऑगुस्त केर्कहोफ्स या डच भाषातज्ज्ञाने लष्करी सांकेतिक पत्रांबद्दल नियम मांडला: तुमची पद्धत शत्रूच्या हाती लागली तरी चालली पाहिजे, गुप्त ठेवायची ती फक्त किल्ली. सकळ लिपीत पद्धत हीच किल्ली होती. एका ठिकाणी उघडली की सगळे मठ उघडे.

तरीही मला ती फसलेली व्यवस्था वाटत नाही. शेकडो वर्षं तिने ग्रंथ राखले. तिची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागली. बाहेरच्या मराठी समाजाला हे गद्य शतकानुशतकं वाचताच आलं नाही. ज्यांचं लिहिलेलं कोणी वाचू शकत नाही त्यांच्याबद्दल लोक वाटेल ते बोलतात, तसे गैरसमज महानुभावांबद्दल पसरले. कोलत्यांनी संपादित केलेलं ‘लीळाचरित्र’ १९७८ साली आलं. महानुभावांचं मोठं स्थान असलेल्या रिद्धपूरला आता मराठी भाषेचं विद्यापीठ आहे, आणि मराठीच्या जुन्या गद्याची गोष्ट या ग्रंथाशिवाय सांगताच येत नाही. मधल्या काळात किल्ली जाणणारे संपले असते तर?

म्हणून ‘सुरक्षित’ हा शब्द ऐकला की कुलपाच्या आधी किल्लीबद्दल विचारावं. ती कुठल्या वाटेने गेली आणि कोणाकोणाजवळ उरली?

आज ऑफिसात काय होतं बघा. ईमेलला पंचवीस एमबीच्या आसपास मर्यादा, फाईल दोन जीबीची. मग ती ड्राइव्हवर चढते आणि ‘लिंक असलेल्या कोणालाही’ उघडेल अशी ठेवली जाते. लिंक ग्रुपवर पडते, ग्रुपमधून पुढे सरकते. जरा काळजी घेणारा माणूस झिपला पासवर्ड लावतो आणि त्याच मेलच्या दुसऱ्या ओळीत तो लिहून पाठवतो. दाराला कुलूप, कडीला किल्ली.

हा किल्लीचा पेच १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी सोडवला. त्यातून आलेली कल्पना अशी: प्रत्येकाने आपली उघडी कुलपं जगाला वाटून द्यावीत, किल्ली मात्र स्वतःजवळच ठेवावी. मला तुम्हाला काही पाठवायचं तर मी तुमचंच कुलूप लावून पाठवतो. एकदा लावल्यावर ते मलाही उघडत नाही. हे गणित संथ असतं, म्हणून मोठी फाईल एका जलद साध्या किल्लीने बंद करतात आणि फक्त ती छोटी किल्ली पलीकडच्याच्या कुलपात घालून पाठवतात. तुमच्या फोनमधल्या एंड-टू-एंड निरोपांमागे हेच तत्त्व आहे.

साधनं फुकट आहेत, पण सवय साधनासोबत येत नाही. लिंक नावानिशी द्यावी. तिला मुदत घालावी. पासवर्ड वेगळ्या वाटेने, फोनवर बोलून सांगावा. माणूस काम सोडून गेला की त्याचा प्रवेश काढावा. आणि किल्ली एकाच माणसाच्या डोक्यात राहू देऊ नये.

हे फक्त पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांपुरतं नाही. पवनीजवळ गोसीखुर्द धरण आहे. १९८८ साली त्याची पायाभरणी झाली, त्याच्या पाण्याखाली गावं गेली. अशा भागात जमिनीचा कागद म्हणजे काय असतं हे वेगळं सांगायला नको. कुठल्याही प्रकल्पाची आखणी जाहीर होण्याआधी फुटली तर दलाल शेतकऱ्याच्या आधी बांधावर पोचतो. ती फाईल तोवर बंद राहायला हवी. निर्णय झाल्यावर मात्र तीच यादी सगळ्यांना दिसली पाहिजे आणि तिच्यात कोणाला फेरफार करता येऊ नये. तेव्हा सकळ लिपीचा उपयोग नाही, तिथे ताम्रपटाची कडीच लागते.