शाळेंतील साहित्याभ्यासाच्या पायऱ्या

उच्च प्रतीच्या साहित्याचा अभ्यास महाविद्यालयांतच शोभतो, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलास तो पेलत नाहीं, असें मत सुशिक्षित घरांतूनही ऐकूं येतें. इतिहास मात्र त्यास अनुकूल साक्ष देत नाहीं. मुंबई इलाख्यांतील हायस्कुलांत संस्कृतचा अभ्यास कसा रुजला, हें पाहिलें म्हणजे उणीव मुलांच्या बुद्धींत असते कीं आपल्या व्यवस्थेंत, याचा उलगडा होतो.

मुंबई विश्वविद्यालय १८५७ सालीं स्थापन झालें आणि १८६२ सालीं त्याचे पहिले चार बी. ए. बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे यांच्याबरोबर रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. भांडारकर पुढें सिंध-हैदराबाद व रत्नागिरी येथील हायस्कुलांचे हेडमास्तर झाले. जुन्या पाठशाळेंत विद्यार्थी रूपें व कोश आधीं मुखोद्गत करी. अर्थाची गोडी मागाहून लागे. वर्षानुवर्षें एकाच विद्येस वाहून घेणाऱ्यास ही रीत ठीक होती; परंतु इंग्रजी, गणित व इतिहास यांचेंही ओझें वाहणाऱ्या मुलापाशीं तितकी सवड कोठून असणार? ही अडचण ओळखून भांडारकरांनीं १८६४ सालीं ‘मार्गोपदेशिका’ व १८६८ सालीं तिचें दुसरें पुस्तक लिहिलें. थोडा नियम, लगेच त्याचीं वाक्यें, आणि संस्कृतांतून इंग्रजींत व इंग्रजींतून संस्कृतांत भाषांतर, असा त्यांचा क्रम आहे. इलाख्यांतील अग्रगण्य पंडितानें नवशिक्या मुलांसाठीं लेखणी झिजविणें कमीपणाचें मानलें नाहीं, ही गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

पुस्तकांस प्रतिष्ठेचीही जोड मिळाली. १८६५ सालीं निवर्तलेल्या जगन्नाथ शंकरशेट यांच्या नांवें मॅट्रिकच्या परीक्षेंत संस्कृतांत वरचा क्रमांक मिळविणारांस शिष्यवृत्ति देण्यांत येऊं लागली. १९१२ सालीं ती मिळविणारे चिंतामणराव देशमुख १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. परंतु त्यांनीं ‘मेघदूता’चें मराठी पद्यांत भाषांतरही केलें. शाळेंत लागलेली गोडी चलनाच्या व्यवहारांत आटली नाहीं.

आतां या चित्राची दुसरी बाजू. परशुरामतात्या गोडबोले यांनीं १८५४ सालींच ‘नवनीत’ सिद्ध करून प्राचीन मराठी कवितेचे वेंचे मुलांच्या हातीं दिले होते. म्हणजे साहित्य होतें; वाचक होते. पण विश्वविद्यालयानें वरच्या परीक्षांतून देशी भाषा लवकरच वगळल्या, आणि रानड्यांच्या दीर्घ खटपटीनंतर विसाव्या शतकाच्या आरंभीं मराठीस एम. ए.च्या परीक्षेंत जागा मिळाली. मधल्या काळांत मराठी ही घरांत येतेच, तिचा वेगळा अभ्यास तो काय करावयाचा, अशी समजूत दृढ झाली. ज्या विषयास वरच्या वर्गांत मान नाहीं, त्याकडे खालच्या वर्गांतील हुशार मुलगाही पाठ फिरवितो.

सारांश, एकाच काळीं, त्याच शाळांत आणि त्याच मुलांपुढें एका भाषेस पायऱ्या बांधून मिळाल्या, दुसरीस मिळाल्या नाहींत. म्हणून मुलांस अवघड साहित्य झेपत नाहीं असा निकाल देण्यापूर्वीं, त्यांच्यासाठीं विद्वानांनीं पुस्तक लिहिलें काय, शिक्षकानें स्वतः तें साहित्य प्रेमानें वाचलें काय, आणि परीक्षेनें त्यास मान दिला काय, हे तीन प्रश्न पालकांनीं अवश्य विचारावे. मुलांची पाळी त्यानंतरची.